गुलाबी टिकेपर्यंत

"फिनॉल्फथॅलिन संपत आलंय," बायको म्हणाली आणि साखरेचा डबा त्यांच्याकडे सरकवून कपबशा उचलायला लागली.

सरांचा कप ओठांपाशी पोचला होता, तो तिथेच अडला. साखर संपत आलीय, पांढरा दोरा संपत आलाय, अगदी त्याच सुरात ती बोलली होती. कुठे अडखळली नाही, मध्ये श्वास घेतला नाही. चौतीस वर्षं त्यांनी हा शब्द शाळेच्या प्रयोगशाळेत मुलांच्या तोंडून ऐकला होता आणि चौतीस वर्षांत एकही मूल पहिल्या खेपेला तो धड पार करून गेलं नव्हतं. कुणी फिनॉलपाशीच बसकण मारायचं, कुणाची जीभ थॅलिनमध्ये अडकायची, आणि सगळा वर्ग खो खो हसायचा. मग सर फळ्यावर त्या शब्दाचे तुकडे करून लिहायचे आणि जिना उतरल्यासारखा तो म्हणायला लावायचे. एकेक पायरी, घाई नाही, कठडा धरून. अगदी शेवटच्या बाकावरचं मूलही खाली उतरेपर्यंत ते थांबायचे. त्यांच्या त्या थांबण्याचं शाळेत कौतुक होतं. आणि आज बायको त्यातली एकही पायरी न वापरता, हातात दोन कपबशा घेऊन, भलत्याच कुठल्या जिन्याने धडधडत खाली उतरून आली होती.

"काय म्हणालीस?"

"अहो ते, गुलाबी करणारं. भाऊजींना सांगायला हवं." तिने टेबलावरचा ओला गोल फडक्याने पुसला. "आजच्या घाण्याला पुरेल. पुढच्याला नाही."

भाऊजी म्हणजे तळमजल्यावरचा व्हॅनवाला. सगळी इमारत त्याला भोंगा म्हणायची. पूर्वी तो रुग्णवाहिका चालवायचा. तिचा भोंगा निदान बंद तरी करता येतो, असं कुणीतरी म्हणालं आणि ते नाव त्याला चिकटलं. त्यालाही त्याचं काही वाटत नसे. फोन उचलून तो स्वतःच "हां, भोंगा बोलतोय" म्हणायचा. आता त्याची स्वतःची जुनी डिझेलची व्हॅन होती. हातपाय आखडलेल्या, पडून उठलेल्या म्हाताऱ्या माणसांना तो व्यायामाच्या दवाखान्यात न्यायचा आणि परत आणून सोडायचा. डिझेल महागलं तसं त्याने नाइलाजाने भाडं वाढवलं, आणि दोन-तीन माणसं यायची बंद झाली. त्यात वळणावरच्या घरातल्या काठीवाल्या आजी होत्या. त्यांचा डावा पाय नुकता कुठे जमिनीला ओळख द्यायला लागला होता. बायको त्यांचे झगे सैल करून द्यायची, म्हणून तिला हे सगळं ठाऊक होतं. सरांना ते आज ठाऊक झालं नव्हतं, आधीपासून होतं. पण काही गोष्टी माणसाला ठाऊक असतात आणि तरी त्या दुसऱ्याच्या घरात ठेवलेल्या असतात.

आठ महिन्यांपूर्वी भोंगा पहिल्यांदा वर आला होता तो सरांकडेच, हे त्यांना विसरता येत नव्हतं. हातात काळपट तेलाची बाटली होती. कारखान्याच्या उपाहारगृहातलं तळणीचं उरलेलं तेल. दारातूनच म्हणाला, "सर, ह्याचं डिझेल होतं म्हणे. तुम्ही केमिस्ट्रीचे. जरा शिकवा की." सर तेव्हा वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. मेथॅनॉल विषारी असतं, पेट घेतं, कॉस्टिक सोड्याने डोळा जातो, हे घरी करायचं काम नाही, असं त्यांनी सांगितलं. एकही शब्द खोटा नव्हता. पण खोटं न बोलताही दार लावता येतं, आणि त्यांनी ते लावलं. तो बाटली घेऊन खाली गेला. थोड्या वेळाने आतल्या खोलीतलं शिलाईचं मशीन थांबलं आणि बायको "आलेच हं" म्हणून जिना उतरली. भाजी आणायला गेली असेल असं त्यांना वाटलं. ती आठ महिने भाजीच आणत होती म्हणायचं.

निदान त्यांच्या बाजूने पाहिलं तर तसंच होतं. तिने मात्र काही लपवलं नव्हतं. दुपारी ती खाली असायची, मागच्या मोकळ्या शेडमध्ये, हे ती सांगून जायची. संध्याकाळी परत यायची तेव्हा तिच्या हातांना रबरी मोज्यांचा वास असायचा आणि कपाळावर गॉगलच्या पट्ट्याची रेघ. त्यांनी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, आणि मग ते ऐकावं लागलं असतं. त्याऐवजी ते गॅलरीत उभे राहायचे. खालून व्हॅन सुरू व्हायची, आणि धुराबरोबर तळलेल्या बटाट्याचा खमंग वास तिसऱ्या मजल्यापर्यंत चढायचा. पहिल्यांदा तो आला तेव्हा सरांच्या तोंडाला पाणी सुटलं. ज्या गोष्टीचा मनापासून राग यावा तिच्या वासाने पोटात भूक उठावी, ह्यासारखी मानहानी नाही. ते गॅलरीचं दार लावून घ्यायचे आणि मग डबे उघडून उगाच काहीतरी खायचे. एकदा परगावच्या मुलीचा फोन आला. "बाबा, आईने फोटो पाठवलाय, पाहिलात? काय सुंदर गुलाबी आलंय!" "पाहिला," सर म्हणाले. पाहिला नव्हता. त्या आठवड्यात बायको दोनदा बाजारात गेली तेव्हा त्यांनी तिचा फोन हातात घेतला आणि दोन्ही वेळा, न उघडता, जसा होता तसा उलटा ठेवला. आपण असे नव्हतो, असं त्यांच्या मनात आलं. मग आलं की, असे नव्हतो हे आपल्याला कसं माहीत? कधी वेळच आली नव्हती.

तिने कधीतरी विचारलं होतं, तेही त्यांना आठवत होतं, आणि नेमकं हेच आठवू नये असं वाटत होतं. लग्नाला दोन-तीन वर्षं झाली असतील. बाहेरच्या खोलीत शिकवणीची मुलं जमलेली, आतल्या खोलीत तिचं मशीन. सरांनी काचेच्या ग्लासात स्वच्छ पाणी घेतलं, कॉस्टिकचा थेंब सोडला, दुसऱ्या बाटलीतला थेंब सोडला, आणि पाणी एकदम लाजल्यासारखं गुलाबी झालं. मुलं ओरडली. ती दारात आली होती, ओठांत सुई धरून. सुई काढून म्हणाली, "का हो होतं असं?" मुलांचे चेहरे वळले. सर हसून म्हणाले, "तुला सवडीने सांगतो." त्यात तुसडेपणा नव्हता. ती पण हसली, सुई परत ओठांत धरली, आत गेली. मुलांना तेच त्यांनी तीनदा समजावलं, एका मंद मुलीला चौथ्यांदा. ती सवड पुढे तीस वर्षांत झाली नाही. मूल झालं, मुलीचं शिक्षण झालं, लग्न झालं, निवृत्ती झाली. सवड व्हायची राहिली.

आणि मग त्या तळमजल्यावरच्या माणसाला ती सवड सापडली, ज्याला स्वतःला दहावीत रसायनात काठावर गुण मिळाले होते!

कपबशा धुऊन ती निघाली. आजचा घाणा तिचा होता, पहिल्यापासून शेवटपर्यंत एकटीचा. वीस लिटर. भोंग्याने सगळ्या इमारतीला ऐकू जाईल असं जाहीर केलं होतं, "सोमवारची गाडी वहिनींच्या तेलावर!" ते जमलं तर काठीवाल्या आजींना सोमवारपासून जुन्याच भाड्यात न्यायचं, असंही ठरलं होतं, आणि बायकोने आजींना तसा फोन करून टाकला होता. आजींनी म्हणे बुटांना पॉलिश करून ठेवलं होतं. बायकोने केस घट्ट बांधले, बाह्या दुमडल्या. तिच्या मानेवर, केसांच्या खाली, एक लहानसा तीळ होता. तो आज बऱ्याच दिवसांनी त्यांना दिसला आणि हा तीळ खाली शेडमध्ये कुणालाही दिसत असेल, असा एक अत्यंत पोरकट विचार त्यांच्या मनात येऊन गेला. वयाच्या पासष्टाव्या वर्षी. ते स्वतःवरच ओशाळले, पण ओशाळून विचार जात नाही. फक्त तो कोपऱ्यात सरकून बसतो.

ते अर्ध्या तासाने खाली उतरले. स्क्रू ड्रायव्हर हवा होता. गॅलरीच्या दाराचा स्क्रू खरंच सैल होता, पण तो वर्षभर सैल होता. शेडच्या अलीकडे, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर, भोंग्याचा आवाज ऐकून ते थबकले. तो कुणाला तरी फोनवर समजावत होता, आणि त्याचं समजावणं म्हणजे रस्त्यावरच्या माणसालाही फुकट शिक्षण.

"अरे सोपं आहे! तेल म्हणजे एक आई समज. तिच्या पदराला तीन पोरं लटकलेली. त्यामुळे ती चालते जड, इंजिनात गेली की अडकते. मग कॉस्टिक येतं, ते पोरांचे हात सोडवतं. मेथॅनॉल येतं, ते एकेक पोर उचलून कडेवर घेतं. आता पोरं झाली हलकी, ती तरंगतात वर. तेच आपलं डिझेल. आणि आई बिचारी दमून तळाला बसते. ते ग्लिसरीन. कळलं? … नाही रे, मला कुठलं सुचतंय! वहिनींनी सांगितलं असं. मी वर्षभर व्हिडिओ बघत होतो, डोक्यावरून गेला सगळा. त्यांनी ऐकलं आणि दोन वाक्यांत उलगडलं. शिवणारं माणूस ना, उसवता पण येतं."

सर कठड्याला धरून उभे राहिले. ही उपमा त्यांना सुचली नव्हती. चौतीस वर्षांत नाही. त्यांनी फळ्यावर रेघा काढल्या होत्या, बाण काढले होते, रंगीत खडू वापरले होते, आणि मुलांनी ते वहीत उतरवून घेतलं होतं. पण तीन पोरं लटकलेली आई त्यांनी कुणाला दिली नव्हती. आठ महिने त्यांना वाटत होतं की आपल्या जागेवर दुसराच कुणी गुरुजी बसला आहे, आणि त्या खुर्चीकडे ते डोळे वटारून बघत होते. आता दिसत होतं की खुर्चीत तो माणूस नव्हताच. तो तर समोर सतरंजीवर बसला होता. खुर्चीत ती होती. राग कुणाचा करायचा तेच हातातून निसटलं, आणि राहिलं ते जास्त वाईट होतं. परक्या पुरुषाचा हेवा करायला जगात निदान शब्द तरी आहेत. बायकोच्या शहाणपणाचा हेवा करणाऱ्या नवऱ्याने तोंड कुठे लपवायचं?

शेडमध्ये दोन्ही बाजूंनी वारा येत होता. जुन्या गीझरची टाकी लोखंडी घोडीवर उभी केलेली, तिला खालून पंप जोडलेला. टेबलावर पांढरा कागद, त्यावर तराजू, ड्रॉपर, चिमुकल्या बाटल्या, आणि शिंप्याची मोजपट्टी. मोजपट्टी इथे कशाला, असं त्यांच्या मनात आलं, मग लक्षात आलं की टाकीतल्या तेलाची उंची ती त्याने मोजते. तिने गॉगल लावला होता. ती तापमान पाहत होती, पंचावन्न अंशांना पोचायची वाट पाहत, आणि तिच्या उभं राहण्यात एक प्रकारची निवांत दक्षता होती, जी त्यांनी तिच्यात कधी पाहिली नव्हती. की पाहिली होती, आणि ती शिलाईची समजून सोडून दिली होती?

"सर!" भोंगा ओरडला. "या, या! पायधूळ झाडली शेवटी. वहिनी, मुख्याध्यापक आले तपासणीला."

"स्क्रू ड्रायव्हर हवा होता," सर म्हणाले.

"देतो ना. आधी बघा तर. चूक असेल तर छडी मारा, दोघांना."

आणि चूक होती.

ती त्यांना पहिल्या नजरेत दिसली, जसा सुरावटीतला बेसूर स्वर गवयाला ऐकावा लागत नाही, आपोआप टोचतो. टेबलाच्या कडेला कॉस्टिकचा डबा होता. झाकण वर ठेवलेलं होतं, लावलेलं नव्हतं. आतले पांढरे कण एकमेकांना चिकटून ओलसर चकाकत होते, पावसाळी हवेतल्या साखरेसारखे. किती दिवस ते असं राहिलं होतं कोण जाणे. हवेतलं पाणी पिऊन कॉस्टिक जड झालं होतं आणि दुबळं झालं होतं. तराजू वजन बरोबर दाखवणार, पण त्या वजनात निम्मं पाणी. घाण्याला ते कमी पडणार, पोरांचे हात अर्धेच सुटणार. शाळेत त्यांना मुलं मागे काय म्हणायची? झाकण सर. कारण दर तासाला दोनदा ते ओरडायचे, "झाकण! कॉस्टिकचं झाकण!" मुलं पुढे इंजिनियर झाली, आजोबा झाली, रस्त्यात भेटली की अजून हसून विचारतात, "सर, झाकण लावलंय ना?"

झाकण. तीन अक्षरं होती.

बायकोने चमचा डब्यात घातला. त्यांच्याकडे पाहिलं. गॉगलच्या मागे तिचे डोळे मोठे दिसत होते. ती एवढंच पाहत होती, काही विचारत नव्हती. मग तिने कण तराजूवर घेतले, वजन जुळवलं, आकडा कागदावर लिहिला, आणि आकड्याखाली मोजपट्टीच्या कडेने सरळ रेघ मारली.

सरांनी स्वतःला सांगितलं की चूक होऊ द्यावी. हे त्यांचं आवडतं तत्त्व होतं. फळ्यावर गणित सोडवणारं मूल चुकायला लागलं की दुसरे शिक्षक धावून जात. सर कधी गेले नाहीत. ते खडूचा हात पाठीमागे घेत, मनगट दुसऱ्या हाताने धरून ठेवत, आणि मुलाला चुकीच्या वाटेने चार पावलं चालू देत. चाललेली वाट लक्षात राहते, सांगितलेली राहत नाही, असं ते नव्या शिक्षकांना सांगायचे. एकदा शिकवणीतली ती मंद मुलगी घरच्या फळ्यावर तीनदा चुकली, मुलं चुळबुळली, शिकवणीची वेळ संपली, तरी सर हात मागे धरून उभे राहिले, आणि मग उत्तराखाली रेघ मारायला तिने खडू उचलला तेव्हा हलकेच म्हणाले, "बाळ, दुसरी ओळ एकदा वाचून दाखव." तिने वाचली, आणि स्वतःच जीभ चावली. किती सुंदर क्षण होता तो. हे सगळं त्यांनी शेडमध्ये उभ्या उभ्या आठवलं आणि त्यांना बरंही वाटलं. पंप सुरू झाला. घरघर ऐकून भोंगा म्हणाला, "सुरुवात तर झोकात!" सर स्क्रू ड्रायव्हर घेऊन वर आले. जिना चढताना त्यांना जाणवलं की आपल्याला आनंद झाला आहे. छोटासा, गरम, खिशात लपवलेल्या चोरीच्या बोरासारखा.

दुसऱ्या दिवशी सकाळी टाकीच्या तळाशी तपकिरी गाळ बसला होता, म्हणजे आई थोडी तरी खाली आली होती. तो काढून टाकून बायकोने वरचं तेल छोट्या बाटलीत घेतलं, तेवढंच पाणी घातलं, बूच लावून बाटली हलवली आणि टेबलावर ठेवली. ही चाचणी ती दोघं दर घाण्याला करत. जमलेलं असेल तर अर्ध्या तासात पाणी खाली आणि तेल वर, मध्ये चाकूने कापल्यासारखी रेघ. सर गॅलरीतून पाहत होते. इतक्या वरून बाटली बोटाएवढी दिसत होती. अर्धा तास झाला. एक तास झाला. बाटलीत रेघ नव्हती. नुसतं पांढरं, दाट, दुधासारखं काहीतरी होतं, आणि ते तसंच राहिलं. बायको स्टुलावर बसून बाटलीकडे बघत होती. मुलं अशीच बसत, निकाल लागल्यावर. सरांच्या खिशातलं बोर एकाएकी कडू झालं.

मग तिने फोन काढला. वारा त्यांच्या बाजूने होता. "आजी, उद्या नाही हो जमायचं. … नाही, गाडी ठीक आहे. माझंच बिघडलं. … गुरुवारी नक्की. … हो हो, पॉलिश कुठे जातंय, राहील तसंच."

ती वर आली तेव्हा सर खुर्चीत बसले होते, पुस्तक उघडं होतं. ती समोर उभी राहिली. रडलेली नव्हती. गॉगल अजून कपाळावर होता.

"काय चुकलं होतं?"

"मला काय माहीत? मी काय—"

"अहो, तुमचा हात मागे गेला होता."

सरांनी पुस्तक मिटलं.

"काल. डब्यात चमचा घातला तेव्हा. मनगट धरलंत तुम्ही. तीस वर्षं दारातून बघतेय मी. पोरगं फळ्यावर चुकलं की तुमचा हात मागे जातो. मला तेव्हाच कळलं काहीतरी चुकतंय. काय ते कळेना. म्हटलं, थांबू. सांगतील."

"चूक करूनच माणूस…" सर म्हणाले, आणि पुढचं वाक्य त्यांना स्वतःलाच ऐकवेना.

"ते ऐकलंय मी. पण रेघ मारायच्या आधी तुम्ही बोलायचात. प्रत्येक वेळी. त्या तीनदा चुकणाऱ्या पोरीला सुद्धा. म्हणून मी मुद्दाम सावकाश मारली रेघ. पट्टी घेऊन." तिने गॉगल कपाळावरून काढला. "माझ्या आकड्याखाली रेघ कधी लागत नाही मला."

बाहेर कुणाची तरी मोटारसायकल सुरू होत नव्हती; कुणीतरी पुन्हा पुन्हा किक मारत होतं. सरांना वाटलं, ती सुरू होईपर्यंत आपल्याला बोलावं लागणार नाही. ती सुरू झाली.

"झाकण," ते म्हणाले.

तिने डोळे मिटले. मग अगदी अनपेक्षितपणे तिच्या नाकातून हसू फुटलं. हसू म्हणावं असं ते नव्हतं. "अगं बाई," ती म्हणाली. "झाकण सरांच्या घरात!"

जिन्यात भोंग्याचे पाय वाजले. तो दारातच थांबला, तोंड पाडून, पण आवाज तेवढाच. "वहिनी, दूध झालं म्हणे? डोक्याला हात लावून बसू नका. माझे पहिले तीन घाणे साबण झाले होते. बायकोने महिनाभर त्यात पायपुसणी धुतली. काय गडबड झाली पण?"

सरांनी बायकोकडे पाहिलं नाही. पाहवलं नाही. पायाखालच्या फरशीची एक रेघ भिंतीपर्यंत जात होती, तिच्यावर त्यांनी नजर ठेवली.

"कॉस्टिक ओलं झालेलं," ती म्हणाली. "झाकण राहिलं माझ्याकडून. यांनी दाखवलं."

"बघा!" भोंगा म्हणाला. "तरी मी म्हणत होतो वहिनींना, आधी सरांना विचारू. रोज म्हणायचो. तर या म्हणायच्या, नको, ते मुलांचे सर आहेत."

तो अगदी सरळ मनाने म्हणाला. त्याच्या बोलण्यात काटा नव्हता, म्हणूनच तो खोल गेला.

दुपारी सर खाली उतरले. ह्या वेळी त्यांना काही हवं नव्हतं. भोंग्याने नवा डबा आणून ठेवला होता, झाकण घट्ट. बिघडलेलं वीस लिटर बाजूला निळ्या पिंपात होतं. त्याला पुन्हा औषध देता येईल, तिने सांगितलं. आधी नव्या कॉस्टिकचं पाणी करून, तेलाला ते किती लागतं हे कळायला पहिल्यापासून थेंब मोजायचे. मोजायला बाटलीच्या तळाशी राहिलेलं फिनॉल्फथॅलिन कसंबसं पुरणार होतं, एकदाच. तिने स्टूल त्यांच्याकडे सरकवलं नाही. ते स्वतःच ओढून बसले. पांढऱ्या कागदावर काचेची वाटी, वाटीत थोडं स्पिरिट, त्यात मोजलेलं तेल आणि ते शेवटचं फिनॉल्फथॅलिन. तिने कॉस्टिकच्या पाण्याचा ड्रॉपर धरला. तिची बोटं, सुईने टोचून टोचून टोकाला खरखरीत झालेली, अजिबात हलत नव्हती.

"तुम्ही सांगा कधी थांबायचं," ती म्हणाली.

थेंब पडत होते. वाटीतलं मिश्रण प्रत्येक थेंबाला जिथल्या तिथे लाजत होतं आणि परत पिवळट होत होतं. सर पुढे वाकले. सात, आठ, नऊ. मग एका थेंबाला सगळीच वाटी गुलाबी झाली, आणि त्यांच्या छातीत जुन्या मुलांचा जुना आरडाओरडा उठला.

"थांब! झालं."

ती थांबली. ड्रॉपर वर धरून, वाटीवरची नजर न काढता, मोजायला लागली. ओठांतल्या ओठांत. दहा. पंधरा. एकोणिसाच्या आसपास गुलाबी विरलं, जसं काही आलंच नव्हतं. तिने पुढचा थेंब सोडला. गुलाबी. पुन्हा मोजायला लागली. तीस सेकंद गुलाबी टिकलं तरच ते खरं. हे त्यांनी किती शे मुलांना घोकून घेतलं होतं, आणि आज तेच घाई करून बसले होते. आणि त्यातही आतून तो कोपऱ्यात सरकून बसलेला पोरकट विचार परत डोकं वर काढत होता. हे तीस तिला शिकवलं कुणी?

"तीसपर्यंत मोजायचं, हे ह्याने सांगितलं?" त्यांनी विचारलं. आवाज नको तसा आला.

ती मोजत होती. मोजताना ती कुणाला उत्तर देत नसे, टाके मोजतानाही नाही. सव्वीस. सत्तावीस. भोंगा लांब पिंपापाशी वाकला होता, काहीतरी गुणगुणत. वाटी गुलाबी होती. एकोणतीस. तीस. अजून गुलाबी होती.

तिने आकडा लिहिला. रेघ मारली नाही. पेन्सिल त्यांच्यापुढे ठेवली.

"आपली मधली भिंत," ती म्हणाली, "विटांची नाही हो. फळीची आहे."

सर पेन्सिलीकडे बघत राहिले. बाहेरची खोली, आतली खोली. बाहेर मुलं, आत मशीन. ते शिकवत असत आणि मशीन मध्येच थांबे, कधी पाच मिनिटं, कधी दहा, आणि मग परत चालू लागे. आणि इतकी वर्षं त्यांना वाटत आलं होतं की हिचा दोरा फार तुटतो.